बिघडलेली डीडुप रिपॉझिटरी: बोर्ग की रेस्टिक?

बोर्ग आणि रेस्टिक ही बॅकअपची साधनं डीडुप करतात, म्हणजे सारखा मजकूर रिपॉझिटरीत (बॅकअपच्या साठ्यात) एकदाच ठेवतात. त्यामुळे एकच चंक, म्हणजे फाइलीचा तुकडा, कितीतरी फाइलींत वापरलेला असतो. तो बिघडला की त्या सगळ्यांना फटका. त्यामुळे निवड करताना दुरुस्ती कशी होते ते आधी बघा.

बोर्ग १.२ मध्ये ‘चेक --रिपेअर’ हरवलेल्या चंकच्या जागी तेवढेच शून्य मूल्याचे बाइट भरतं. आकार तोच, मजकूर गेलेला. मूळ फाइल शाबूत असेल तर पुन्हा बॅकअप घेऊन रिपेअर चालवा; जुने आर्काइव्हही (आधी घेतलेले बॅकअप) सावरतात.

रेस्टिकमध्ये क्रम चुकवू नका: ‘चेक --रीड-डेटा’ (सगळा डेटा वाचून तपासणं), ‘रिपेअर पॅक्स’ (बिघडलेल्या पॅक फाइलींतले शाबूत तुकडे वाचवणं), ताजा बॅकअप, मगच ‘रिपेअर स्नॅपशॉट्स --फर्गेट’. हे शेवटचं घाईने केलंत तर परत मिळू शकणारे तुकडे जुन्या स्नॅपशॉटमधून (रेस्टिकमधल्या आधीच्या बॅकअपमधून) कायमचे वगळले जातात.

पॅरिटी, म्हणजे बिघाड भरून काढणारा जादा डेटा, दोन्हीकडे नाही. दुरुस्तीआधी रिपॉझिटरीची नक्कल काढाच.

एसएसएचवर (सुरक्षित दूरजोडणीवर) स्वतःचा सर्व्हर असेल तर बोर्ग, एस३वर (क्लाउड साठवणीवर) ठेवायचं असेल तर रेस्टिक.