ब्रिस्बेनमधे स्किन चेक करून आलो, चार स्टार

एक स्टार का कापला ते खाली आहे, आधी चांगलं सांगते.

आपल्या लोकांचं ठरलेलं असतं, आपण सावळे, आपल्याला कसला आलाय स्किन कॅन्सर, ते गोऱ्यांचं दुखणं. आमच्या घरीही हेच चालू होतं, नवरा यायलाच तयार नव्हता. आता गोऱ्यांना खूप जास्त होतो हे खरंच आहे, ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत तिघांतल्या दोघांना कुठला ना कुठला स्किन कॅन्सर निघतो आणि त्यात ब्रिस्बेनचं हे क्वीन्सलंड राज्य पुढे, पण सावळ्या माणसाला मेलॅनोमा, म्हणजे स्किन कॅन्सरचा घातक प्रकार, झालाच तर तो बऱ्याचदा जिथे ऊन लागतच नाही अशा जागी होतो, तळपाय, तळहात, नखाखाली, आणि तिथे रोज कोण बघतंय. जमैकाचा गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच निघाला होता, आधी फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं, १९८१ मधे गेला, ३६ वर्षांचा होता फक्त.

त्यामुळे क्लिनिक कसं आहे हे ओळखायची माझी खूण एकच, मोजे काढायला सांगतात का. इथे सांगितले. बोटांच्या बेचक्या, डोक्याची टाळू, कानामागे, सगळीकडे त्या लाइटवाल्या भिंगातून म्हणजे डर्मोस्कोपमधून नीट बघितलं, अजिबात घाई नाही. नवऱ्याच्या दोनतीन नखांवर फिकट काळपट रेघा आहेत, त्यावर डॉक्टर म्हणाल्या आपल्या रंगाच्या लोकांत हे कॉमन आहे, पण एकाच नखावर नवीन रेघ आली, रुंद होत गेली किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर थांबायचं नाही.

मग मी आईचा विषय काढला. आई भारतातून आलीये, मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) नाही, पूर्ण फी भरून तिलाही दाखवलं. जन्मभर परकराची नाडी घट्ट आवळून कमरेला काळा पट्टा पडलाय, खाजतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मधेच धोतराने कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, साडीचंही तसंच, दुर्मिळ आहे पण आहे. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, पण उडवून नाही लावलं, आईला आडवं करून पूर्ण पट्टा बघितला. घासून घासून झालेला डाग आहे म्हणाल्या, नाडी सैल बांधा किंवा रुंद पट्टा लावा, आणि तिथे जखम होऊन भरत नसेल तर लगेच दाखवा. आई खूश, आता मला म्हणते तूच बघ माझी पाठ.

आता कापलेला स्टार. एकतर वेळ देऊनही बराच वेळ बसवून ठेवलं. दुसरं म्हणजे रिसेप्शनवर पूर्ण अंगाचे फोटो काढायचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, ज्यांच्या अंगावर खूप तीळ आहेत किंवा घरात कोणाला मेलॅनोमा झालाय त्यांना त्याचा उपयोग आहे, सरसकट सगळ्यांना कशाला? वर काउंटरवर महागडं सनस्क्रीन. चॉइस या ग्राहक संस्थेने २०२५ मधे २० सनस्क्रीन तपासली तर १६ लेबलवरच्या एसपीएफला पोचलीच नव्हती, त्यामुळे मी तरी नुसत्या ट्यूबवर विसंबून नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, आणि यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा) ३ किंवा वर असेल तर दुपारचं क्रिकेट बंद (हे घरात अजून मान्य झालेलं नाही).

जाणार असाल तर नेलपॉलिश आणि मेकअप काढून जा, नाहीतर नखं बघताच येत नाहीत. फी बुकिंगलाच विचारा, बल्क बिलिंग, म्हणजे सगळं बिल परस्पर मेडिकेअरला, असं नाहीये. आणि इथे बसणारे डॉक्टर जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर असतात, डर्मॅटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचातज्ज्ञ हवा असेल तर रेफरल म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तिथे नंबर लागायला वेळ जातो. आम्ही पुढच्या वर्षी इथेच जाणार, फक्त सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेऊन.