क्लिकचा ‘फिक्स रेट’ सांगणाऱ्याला पैसे देऊ नका

कसबा पेठेत माझं गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, नेमका सीझन सुरू होताना, एक मुलगा दुकानात आला. “काका, गूगलवर जाहिरात करू. पुण्यात कुणीही गिझर दुरुस्ती शोधली की पहिलं नाव तुमचं. गूगलचा पुण्याचा रेट आहे, क्लिकला ४५ रुपये, फिक्स.” महिन्याला ६०० क्लिक, २७,००० रुपये, आगाऊ. मी तीन महिने भरले. ८१,००० गेले.

महिनाअखेरीला एक्सेलचा तक्ता यायचा : क्लिक ६००. फोन मात्र भलतेच. कुणी नागपूरहून नव्या गिझरची किंमत विचारायचं, कुणी मेकॅनिकची नोकरी आहे का म्हणून. त्याला विचारलं तर म्हणाला, “क्लिक आणून देणं आमचं काम, पुढचं तुमच्या बोलण्यावर.” हे मला फार लागलं. गिऱ्हाइकाशी आपणच नीट बोलत नसू, असं मी कितीतरी दिवस मनात धरून होतो.

शेवटी भाच्याला दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न, “मामा, गूगलवरचं जाहिरातीचं खातं कुणाच्या नावावर?” खातं एजंटाचं होतं. पंधरा दिवस मागे लागल्यावर नुसतं बघण्यापुरता अॅक्सेस मिळाला. डिसेंबरचा हिशोब उघडला. ६०० क्लिक खरेच होते, पण त्यांचे गूगलला गेले होते ६,८७० रुपये.

मुळात असा रेट नसतोच. कुणी काही शोधलं की त्याच क्षणी तिथल्या जाहिरातींच्या जागांचा लिलाव होतो. एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा आपण आधी घालून ठेवतो. पण नुसत्या मोठ्या आकड्यावर वरची जागा मिळत नाही. जाहिरात त्या शोधाशी जुळते का, लोक ती दाबतील का, वेबसाइट कामाची आहे का, हेही त्यात धरतात. जागा मिळाली तरी बहुतेक वेळा आपला पूर्ण आकडा कापत नाहीत, ती जागा टिकवायला लागतील तेवढेच घेतात. दर शोधाला किंमत वेगळी पडते. त्यामुळे पहिल्या नंबरची हमीही कुणी देऊ शकत नाही.

सगळ्यात संताप आला तो पुढे. ६०० पैकी २१० क्लिक माझ्या दुकानाचं नाव टाकून शोधणाऱ्यांचे होते. म्हणजे माझीच जुनी गिऱ्हाइकं, जाहिरात नसती तरी आली असती. ते क्लिक पडले होते सुमारे ३ रुपयांना, आणि मी मोजले ४५. नागपूरचं कोडंही सुटलं : ‘पुण्यात रस असलेले’ लोकही धरायची सेटिंग तशीच ठेवलेली, आणि ‘नोकरी’, ‘किंमत’ हे शब्द असलेले शोध वगळलेलेच नव्हते.

आता खातं माझ्या ईमेलवर आहे, पैसे माझ्या कार्डावरून थेट गूगलला जातात. एजंट ठेवायचा तर त्याची फी वेगळी ठरवा, आणि लोकांनी नेमकं काय शोधून क्लिक केलं ती यादी दर आठवड्याला मागा. प्रत्यक्ष खर्च आणि क्लिक ग्राहकाला कळवायचे, हा एजंटांसाठी गूगलचाच नियम आहे. मला तो तेव्हा माहीत नव्हता.

परवा नऱ्ह्याच्या एका प्लंबरचा फोन आला. तोच मुलगा त्यांच्याकडे जाऊन बसला होता. आता रेट ५५ सांगतोय.