शरणपूर रस्त्यावरील शुक्रवारची आजाऱ्यांसाठीची प्रार्थना : एक अनुभव

नाशिकमध्ये शरणपूर रस्त्यालगतच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दर शुक्रवारी सायंकाळी साडेसहा वाजता आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. गेले तीन महिने मी वडिलांना घेऊन तेथे जात आहे. या प्रार्थनेची जाहिरात होऊ नये अशी पाळकसाहेबांची (तेथील धर्मगुरूंची) इच्छा असल्याने मंडळीचे नाव लिहीत नाही.

बाबांना क्षयरोग झाला. सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या सुरू झाल्या. उपचार सहा महिन्यांचा होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढू लागले आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या एका प्रार्थनासभेत त्यांना व्यासपीठावर उभे करून आपण बरे झाल्याची साक्ष द्यायला लावण्यात आली. आता गोळी घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असेही त्यांच्या मनावर ठसवले गेले. त्यांनी १९ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. घरात कोणालाच पत्ता नव्हता. बिस्किटांच्या डब्यात न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या तेव्हा मला उलगडा झाला. मध्येच औषध सोडल्यास उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, हे डॉक्टरांनी समजावूनही त्यांना पटेना, कारण त्यांच्या लेखी प्रश्न औषधाचा नव्हताच, प्रभूवरील भरवशाचा होता.

त्या प्रश्नाला उत्तर या शुक्रवारच्या प्रार्थनेत मिळाले. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता, हे बहुतेक पाळक सांगतात आणि तेवढ्यावर थांबतात. येथील पाळकसाहेबांनी बाबांसमोर बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केले, परंतु लगेच, कोणाला काही न सांगता आधी जाऊन स्वतःला याजकाला (पुरोहिताला) दाखव, असे त्याला बजावले. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर याजक संशयिताला सात दिवस वेगळे ठेवतो आणि पुन्हा तपासतो. बरे करणारा प्रभूच असला, तरी बरे झाल्याचा निर्वाळा तपासणाऱ्याने द्यायचा, हा क्रम खुद्द प्रभूनेच पाळायला लावला, असे ते म्हणाले. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून दवाखान्यात गेले. तेथे थुंकीची पुन्हा तपासणी झाली आणि बुडालेले दिवस पुढे वाढवून उपचार चालू झाला.

बायबलमधील याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे येथे तेल लावून प्रार्थना होते. स्टीलच्या लहान वाटीत ऑलिव्ह तेल असते; पाळकसाहेब त्यात अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात, आजाऱ्याचे नाव घेतात, आजाराचे नाव घेतात आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांसाठीही प्रार्थना करतात. मागच्या बाकावर एक निवृत्त परिचारिका वही घेऊन बसतात आणि प्रत्येकाला गोळ्या चालू आहेत का, पुढची तारीख कधी आहे, एवढेच विचारतात. मला ही वही तेलाच्या वाटीइतकीच पवित्र वाटते. ज्या शरणपूरची ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली, आणि ज्या समाजाच्या कितीतरी आज्या मिशनच्या दवाखान्यांत परिचारिका होत्या, तेथे औषधाला अविश्वास म्हटले जावे याचे मला अतोनात दुःख होते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पायऱ्या उंच आहेत आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही. आजाऱ्यांच्या प्रार्थनेला ही अडचण फार मोठी आहे. खोकणाऱ्यांना खिडकीजवळ बसवतात हे चांगले, मात्र मास्कचा आग्रह अजून पुरेसा धरला जात नाही. वर्गणीचा तगादा नाही. वाहन लावायला जागा मिळत नाही, म्हणून रिक्षाने जावे.

बाबांची शेवटची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. अहवाल हातात आल्यावर तो आधी त्या परिचारिकाबाईंना दाखवायचा आणि मगच साक्षीला उभे राहायचे, असे त्यांनी पाळकसाहेबांना कळवून टाकले आहे.