टीटीवाय-क्लॉक : जुना मॉनिटर, मोठे रंगीत आकडे

नवा कॉम्प्युटर आला की बिलिंगचा जुना पीसी कोपऱ्यात पडून राहतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीत असा एखादा असेल, तर त्यावर डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकून टीटीवाय-क्लॉक चालवावं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, मोठ्या आकड्यांत वेळ दाखवणारा हा प्रोग्राम. हळदीच्या सौद्याच्या गर्दीतही पलीकडच्या कट्ट्यावरून वेळ वाचता येते. प्रोग्राम सी भाषेतला, एन्कर्सेस या टर्मिनलवर मांडणी करणाऱ्या लायब्ररीवर चालणारा आणि इतका हलका की जुन्या मशीनला त्याचा भार जाणवतच नाही.

टर्मिनलमध्ये ‘सुडो ऍप्ट इन्स्टॉल टीटीवाय-क्लॉक’ एवढ्यावर काम होतं. मग चालवताना ‘टीटीवाय-क्लॉक’ या कमांडपुढे पर्याय द्यायचे, प्रत्येक अक्षराआधी हायफन. गल्लत होते ती स्मॉल-कॅपिटलमध्ये. स्मॉल सी घड्याळ मध्यभागी आणतं, कॅपिटल सी रंग ठरवतं. स्मॉल एस सेकंद दाखवतं, कॅपिटल एस म्हणजे स्क्रीनसेव्हर, म्हणजे कुठलंही बटण दाबलं की घड्याळ बंद. पेढीवर फडकं मारताना हेच होतं. तिथे स्मॉल एन द्या, मग क्यू दाबला तरी ते बंद होत नाही. आकड्यांची बटणं दाबली की रंग मात्र तरीही बदलतो, म्हणून कीबोर्ड काढून ठेवलेला बरा.

रंग ० ते ७. मूळचा २, म्हणजे हिरवा. काळ्या पडद्यावर ० दिलात तर काळ्यावर काळं, काहीच दिसणार नाही. ३ हा पिवळा, पण ग्राफिकल डेस्कटॉपशिवायच्या साध्या कन्सोलवर तो तपकिरी उमटतो. हळदीसारखा पिवळा हवा असेल तर टर्मिनल विंडोत चालवा आणि तिच्या प्रोफाइलमधला पिवळा बदला. लांबून वाचायला ६, म्हणजे आकाशी, सगळ्यात स्वच्छ.

स्मॉल टी दिलं की बारा तासांची वेळ येते. कॅपिटल डीने तारीख लपवली तर एएम-पीएमही जातं, कारण ते तारखेच्याच ओळीला चिकटवलेलं आहे. ही या प्रोग्रामची खरी उणीव.

आकडे मोठे करायचा पर्यायच नाही. टर्मिनलचा फॉन्ट वाढवावा लागतो: विंडोत कंट्रोल-शिफ्ट-प्लस, कन्सोलवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ करून टर्मिनस १६ बाय ३२. सेटिंग साठवणारी फाइलही नाही, त्यामुळे पूर्ण कमांडचं एक एलियस, म्हणजे छोटं टोपणनाव, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये लिहून ठेवा. दिवसभर एकाच जागी आकडे राहून पडद्यावर डाग पडू नये म्हणून स्मॉल आर आहे, त्याने घड्याळ फिरत राहतं. त्याच्यासोबत स्मॉल सी देण्यात अर्थ नाही.

वेळ चुकली तर दोष घड्याळाचा नसतो, ते सिस्टिमची वेळ दाखवतं. साडेपाच तास मागे दिसत असेल तर टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला आहे: ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर हाच साडेपाच तासांचा फरक वेगळ्या कारणाने पडतो. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी समजतं. आणि लाइट जाऊन आल्यावर वर्षच मागे गेलं, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला.