जालीम म्हणजे कुणासाठी जालीम? : तासगावातलं एक कृषी सेवा केंद्र

दीड एकर तास-ए-गणेश द्राक्षाची बाग आहे. औषधं आजवर चार दुकानांतनं आणली, पण गेले दोन हंगाम तासगावातल्या या एकाच दुकानात जातोय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बाग फुलोऱ्यात होती, फुलकिडी पडलेली. म्हटलं, "मालक, काहीतरी जालीम द्या." ते म्हणाले, "आण्णा, कुणासाठी जालीम? किडीसाठी का फवारणाऱ्यासाठी?" आणि दोन डबे समोर ठेवले. डब्यावरचा तिरका चौकोन मी वर्षानुवर्षं बघत आलोय. लाल म्हणजे रिझल्ट भारी, हीच माझी समजूत. मालकांनी पेनानं दाखवलं: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. हे ठरतं एलडी ५० वर. पोटात गेल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा, वजनाच्या किलोमागं मिलिग्रॅममध्ये. लाल ५० पर्यंत, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, त्यापुढं हिरवा. आकडा जेवढा लहान तेवढं औषध जहाल, पण ते आपल्याला. कीड किती मरणार ते रंगावरनं कळत नाही. दावण्याला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, मारतो ते मँकोझेब हे बुरशीनाशक हिरव्या रंगातलं, आणि वेळेत मारलं तर दावण्या थोपवतंच की.

आधीच्या एका दुकानात "एकदम जालीम आहे, घेऊन जावा" म्हणत लाल डबा दिलेला. फवारताना भावाला मळमळलं, घाम फुटला. दवाखान्यात डॉक्टरांनी डबा मागितला, तर तो बागेतच राहिलेला. विष चढलं तर त्यावरचा उतारा डब्यावरच लिहिलेला असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. इथं डब्यासोबतचं माहितीचं घडीपत्रक उघडून 'उतारा' कुठं लिहिलाय ते बोट ठेवून दाखवतात. आपण विषाला औषध म्हणतो. गावात कुणी 'औषध प्यालं' म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. म्हणून मला हे बोट ठेवून दाखवणं फार मोलाचं वाटतं.

पक्की पावती न मागता मिळते, बॅच नंबरसकट. तोडणी किती दिवसांवर आहे हे विचारल्याशिवाय डबा देत नाहीत. उधारी मात्र बेदाणा विकेपर्यंत थांबत नाहीत, आणि दुकान नऊशिवाय उघडत नाही, त्यामुळं सकाळच्या फवारणीचं आदल्या दिवशीच आणून ठेवावं लागतं.

एक तक्रार आहे. हातमोजे आणि मास्क बऱ्याचदा संपलेले असतात. मालक, तेवढं भरून ठेवा. एवढं समजावून सांगता, तर डब्याबरोबर तेही हातात पडू द्या.