पन्हाळ्याचा वेढा: स्वतः छापावा की प्रकाशकाला द्यावा?

१६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यावर मी युद्धखेळ रचतोय. षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या. प्रकाशकाला दिला तर छपाई, गोदाम, वितरण सगळं त्याच्याकडे. आपल्याला विक्रीवर मानधन. पण नियमांवर शेवटचा शब्द बहुधा त्याचाच.

इथं कोल्हापुरात स्वतः छापला, तर आधी पैसा आपला अडकतो. सोंगट्या कापायचा साचा थोड्या प्रतींसाठी महाग पडतो, खोकी घरातच रचावी लागतात. तरी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा आषाढातला चिखल सैन्याची चाल किती घरांनी कमी करतो, हे मी तिथं पायी चालून ठरवलंय. ते कुणी बदललेलं मला सोसणार नाही. अमेरिकन खेळरचनाकार चार्ल्स रॉबर्ट्स यांनीही १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा आपला युद्धखेळ स्वतःच छापून विकला होता. मीही स्वतःच छापणार, मात्र आगाऊ नोंदणी पुरेशी झाल्यावर.