फोर्कच्या स्प्रिंगा बदलून आठ महिने: जांबोटी रस्ता, पाऊस आणि मागे बसलेले बाबा

गेल्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, माझ्या साडेतीनशे सीसीच्या बाईकच्या पुढच्या फोर्कमधल्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधल्या, मूळ स्प्रिंगा काढून जाड तारेच्या घातल्या. आता जानेवारी संपत आलाय. गाडी नऊ हजार किलोमीटरच्या वर पळाली. त्यातलं बहुतेक जांबोटीकडून उद्यमबागला कामावर जाणं-येणं, महिन्यातून एकदा बाबांना मागे बसवून बेळगावला दवाखान्यात नेणं, चार-पाच वेळा निपाणी आणि दोनदा चोर्ल्यातून गोवा.

बदलायचं कारण बाबाच. त्यांच्या कमरेला त्रास आहे. हंप आला की त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसायचा आणि ब्रेक मारला की ते सरकून माझ्या पाठीवर यायचे. मला वाटायचं, गाडी कडक आहे, अजून मऊ काहीतरी करायला हवं. प्रत्यक्षात उलटं होतं. पुढची बाजू गरजेपेक्षा मऊ होती, म्हणूनच ती आदळत होती.

हे मापल्यावर कळलं. माझ्या फोर्कची एकूण चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबतो ते अंतर, १३० मिलिमीटर. पुढचं चाक अधांतरी धरून क्रोमचा पाईप किती दिसतो ते मोजलं, मग मी गाडीवर बसल्यावर परत मोजलं. माझं वजन ९२ किलो. नुसतं बसल्यावर फोर्क ५४ मिलिमीटर खाली जात होता. म्हणजे खड्डा यायच्या आधीच चाळीस टक्क्यांहून जास्त चाल संपलेली. त्यात बाबा मागे, त्यात हंपाआधी ब्रेक, मग चाकाला वर यायला जागा उरणार कुठून? खट् असा आवाज यायचा तो फोर्क तळाला टेकल्याचा. रस्त्यावरच्या गाडीला ही बसकण चालीच्या साधारण तीस टक्के असावी. माझ्या हिशेबाने ३९ मिलिमीटर.

याआधी एका मिस्त्रींनी वरच्या नटाखाली वायसर घालून दिले होते. आपल्याकडे हा उपाय सगळीकडे करतात. वायसरने गाडी उचलली जाते, पण स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीपासून दाबलेली राहते एवढंच. जास्त घातले की हंप उतरताना फोर्क पूर्ण उघडून वर टक् करून आपटतो. माझ्या गाडीत दोन्ही टोकांचे आवाज सुरू झाले होते.

मी मशीनशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे नव्या स्प्रिंगा आल्यावर आधी मोजून बघितल्या. पिलर ड्रिलखाली वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी धरली आणि २० मिलिमीटर दाबली. जुनी १२ किलो दाखवत होती, नवी १६. म्हणजे मिलिमीटरला ०.६ वरून ०.८ किलो. तार जुनीची ४.० आणि नवीची ४.३ मिलिमीटर. गुंडाळीचा व्यास आणि वेढे तेच असताना नुसत्या ०.३ मिलिमीटरने ताकद एक तृतीयांश वाढते, कारण या हिशेबात तारेच्या व्यासाचा चौथा घात येतो. म्हणून विकणाऱ्याच्या 'हेवी ड्युटी' या शब्दावर जाऊ नका, मायक्रोमीटर लावून बघा. आणि कुणी जुन्या स्प्रिंगेचे दोन वेढे कापून देतो म्हणालं तर नको म्हणा. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते हे खरं आहे, पण कापलेलं टोक सपाट बसत नाही आणि आतून पाईपला घासत राहतं.

मी एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगा घेतल्या. एका बाजूला दाट वेढे असलेल्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगाही मिळतात. सुरुवातीला मऊ, दाट वेढे एकमेकांना टेकले की कडक. एकट्याने शहरात फिरणाऱ्याला त्या आवडतील. माझं वजन आणि मागचं माणूस धरलं तर त्यांचा मऊ भाग बसल्याबसल्याच संपला असता.

बसवताना एक चूक झाली आणि ती महागात पडली. गडबड होती म्हणून ओळखीच्या गॅरेजमध्ये काम दिलं. तिथे जुनं ऑईल पूर्ण न काढता बाटलीच्या अंदाजाने नवं ओतलं. एका फोर्कमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी. ऑईलच्या वर जी हवा कोंडलेली असते तीसुद्धा स्प्रिंगसारखं काम करते. ऑईल जास्त झालं की हवेला जागा कमी आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क दगडासारखा. पंधरा दिवसांत उजव्या बाजूचा ऑईल सील गळायला लागला. मी दोन्ही फोर्क काढून घरीच परत भरले. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, हवा निघेपर्यंत आठ-दहा वेळा वरखाली, आणि मग किती मिलिलिटर ओतलं त्यावर न जाता वरच्या कडेपासून ऑईलची पातळी किती खाली आहे ते मोजून दोन्हीकडे सारखी. जास्तीचं ऑईल सिरिंजला नळी लावून ओढून घेतलं. वरचा नट सोडताना तोंड बाजूला ठेवा, खाली दाबलेली स्प्रिंग असते.

स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर बसून तिला दाबून ठेवणारा नळीचा तुकडा, मी लेथवर ॲल्युमिनियमचा केला. पहिल्यांदा लांब झाला, परत टक् ऐकू आला, म्हणून कापून कमी केला. आता मी बसल्यावर फोर्क ३८ मिलिमीटर खाली जातो.

ऑईलबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण 'स्मूद' हा शब्द सगळे स्प्रिंगशी जोडतात. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण चाकाची वरखाली होण्याची गती ऑईल आवरतं. माझ्या फोर्कमध्ये साधी डॅम्पर रॉड आहे, म्हणजे ठरावीक भोकांतून ऑईल ढकललं जातं. चाक जितक्या वेगाने वर येईल तितका विरोध भराभर वाढतो. कडक स्प्रिंग जोरात परत उघडते म्हणून मी आधी घट्ट, १५डब्ल्यू ऑईल घातलं. हंपावर छान वाटलं, पण डांबराची धारदार कड लागली की मनगटात झटका. डिसेंबरच्या पहाटे थंडीने ऑईल घट्ट व्हायचं तेव्हा तर जास्तच. मग त्याच कंपनीचं पातळ १०डब्ल्यू निम्मं-निम्मं मिसळलं. हे मिश्रण मला जमलं. दोन कंपन्यांचं १०डब्ल्यू सारखं पातळ असतंच असं नाही, म्हणून एका कंपनीवर ठरून राहा.

आता रस्त्यावर काय फरक पडला? ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक पूर्वीसारखं खाली जात नाही. पावसाळ्यात कुसमळीच्या पुढे खड्ड्यांत लाल पाणी भरलं की खोली कळत नाही, तेव्हा या स्प्रिंगांचा खरा आधार वाटला. आठ महिन्यांत फोर्क तळाला दोनदाच टेकला. पाईपला केबल टाय बांधून ठेवलाय, तो कुठवर सरकला ते दर रविवारी बघतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्यांत हँडल पूर्वी भरकटायचं, ते कमी झालं. यातला थोडा वाटा हँडल ज्यावर फिरतं त्या बॉलरेसचाही असेल, कारण फोर्क उघडले तेव्हा ते खाचा पडलेले दिसले आणि बदलले.

उणं तेही लिहितो. एकट्याने हळू चालवताना बारीक खडी आणि ठिगळं आधीपेक्षा हाताला जास्त कळतात. पुढची बाजू उंच झाल्यामुळे चोर्ल्याच्या आवळ वळणांत गाडी किंचित उशिरा वळते. हेडलाईटचा झोत वर गेला होता, तो खाली करावा लागला. साईड स्टँडवर गाडी जास्त कलते, चिखलात लावताना स्टँडखाली चपटा दगड ठेवतो. माझ्याएवढं वजन नसेल, साठ-पासष्ट किलोचा माणूस एकटाच फिरत असेल, तर त्याने ०.८ च्या स्प्रिंगा घेऊ नयेत. आधी नवं ऑईल योग्य पातळीला भरून बघावं.

बाबा बसतात ते मागच्या शॉकवर, त्यामुळे त्यांच्या कमरेचे सगळे धक्के पुढच्या स्प्रिंगांनी गेले असं मी म्हणणार नाही. पण गाडीचं पुढे-मागे झुलणं थांबलं, ते पाठीवर सरकून येणं थांबलं. ते असताना मागचा शॉक एक खाच वाढवतो. मागच्या फेरीला पिरनवाडीपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला नाही, मांडीवरच होता. मी दोनदा आरशात बघून घेतलं.

एक काम राहिलंय. लाल चिखल पाईपवर सुकतो आणि सीलच्या ओठाला घासतो. डावा सील परवा बोटाला ओलसर लागला. मेमध्ये ऑईल बदलताना दोन्ही सील नवे घालणार आणि वरून पाईप झाकणारे रबरी गेटर चढवणार, पाऊस लागायच्या आत.